सुनेचा मुराळी

कोरियन वाक्य म्हणायचं झालं की आबा आधी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. वाक्य म्हणत, बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे पाहत, आणि मी मान हलवली की टोपी परत डोक्यावर जाई. मराठीला हा मान नव्हता, त्यांच्या अहिराणीला तर नव्हताच. मी एकदा विचारलं, "आबा, टोपी घातली की कोरियन येत नाही का?" तर म्हणाले, "पराया घरमा शिरतस, म्याडम. जरा वाकनं पडस."

हे "पडस", म्हणजे "लागतं", त्यांच्या तोंडात सारखं असे. पहाटे उठून पाचोऱ्याची गाडी धरली, धरनं पडस. गाडीत उभं राहून यावं लागलं, ऱ्हानं पडस. उन्हात स्टेशनपासून माझ्या वर्गापर्यंत चालत आले, चालनं पडस. तक्रार म्हणून नव्हे हं. आपण पाऊस पडला असं सांगतो, तितक्याच सहज ते सांगत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना काय आवडतं ते शेवटपर्यंत कळत नाही, काय करावं लागतं तेवढंच कळतं.

मी पुण्याकडच्या कारखान्यांत बरीच वर्षं कोरियन साहेबांची दुभाषी होते. आई अंथरुणाला खिळली आणि मी जळगावला परत आले. बसस्थानकाजवळ एका मेडिकलच्या वर खोली घेऊन कोरियनचा वर्ग काढला, तेव्हा सगळे नातेवाईक हसले. केळी आणि कापसाच्या गावात कोरियन कोण शिकणार? पण आले. एक तिकडच्या मालिका बघून वेड्या झालेल्या मुली आल्या, आणि दुसरे तिकडच्या कंपनीत चिकटायचंय अशी मुलं. आबा दोन्हींत बसत नव्हते. सत्तरीला टेकलेला, पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातला कापूस लावणारा माणूस. पहिल्या दिवशी मला वाटलं, नातवाची चौकशी करायला आलेत. त्यांनी सरळ मागचा बाक धरला आणि म्हणाले, "लिवनं-वाचनं नको. माले बोलनं शिकाड."

त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगच्या कामावर गेला होता. तिथल्याच मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली, आणि एका सकाळी कामावर निघायच्या आधी हृदय बंद पडून गेला. सून अस्थी घेऊन आली, बरोबर चार वर्षांची नात. तेराव्यापर्यंत राहिली. कोणाला कोणाचा एक शब्द कळत नव्हता. घरातल्या बाया उठत तेव्हा ती उठे, त्यांनी झाडू घेतला की ती दुसरा झाडू शोधी. परत गेल्यावर दर रविवारी ती व्हिडिओवर फोन करायची. आबा, त्यांच्या पत्नी अक्का, पलीकडे सून आणि नात. चौघं एकमेकांकडे बघायचे, हसायचे, मग कोणीतरी रडायचं आणि फोन बंद व्हायचा.

"मोबाईलात भाषांतराची सोय असते की," वर्गातला एक हुशार मुलगा म्हणाला.

"ती वापरी पाही," आबा म्हणाले. "मशीन तिनासंगे बोलस, ती मशीनसंगे बोलस. मी दोन्हीस्ना मझारमा नुसता बशेल."

तर असे आबा आमच्यात आले. लिपी ते शिकलेच नाहीत, पण कान तिखट होता. तिकडे ख्यालीखुशाली विचारताना "जेवलात का?" असंच विचारतात, हे कळल्यावर तर त्यांना केवढा आनंद झाला! "हाऊ ते आपलाच मुलूख शे!" म्हणाले, आणि त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला, जिना उतरताना खालच्या मेडिकलवाल्यालासुद्धा, कोरियनमध्ये जेवलास का विचारून गेले. पहिले काही महिने मी त्यांची म्याडम होते. पुढे कधीतरी बेन, म्हणजे बहीण झाले, आणि तेच बरं वाटलं.

मग "पाहिजे"चा धडा आला. कोरियनमध्ये आपल्यासारखा सुटा "पाहिजे" नाही. "जेवलं पाहिजे" म्हणायला ते "जेवलं तरच जमतं" अशा धर्तीवर बोलतात: मॉगॉया दॅयो. आणि त्याचंच दुसरं टोक म्हणजे "नाही जेवलं तरी चालतं." मी दोन्ही फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांना वाक्यं करायला सांगितली. मुलं म्हणाली, मी नोकरी मिळवली पाहिजे. मुली म्हणाल्या, मी वजन कमी केलं पाहिजे. आबांनी टोपी काढली आणि विचारलं, "पोरीनी दूध पेवाले पाहिजे, हाई कसं?"

मी सांगितलं. मग नीजलं पाहिजे, मग स्वेटर घातला पाहिजे, मग आईनंही वेळेवर जेवलं पाहिजे. एकेक वाक्य ते घोळून घोळून पाठ करत. फळ्यावरचं दुसरं टोक मात्र त्यांनी घेतलं नाही. "नई कयं तरी चालस, हाई शिकाडानी काय गरज शे?" म्हणाले. "हाई ते मानूसले आपेआप येस."

आपल्याकडे माया ही अशीच हुकमात बोलते. कोणाच्या बापाने कोणाला तू मला आवडतोस म्हटलंय? जेव, नीज, टोपरं घाल, उन्हात जाऊ नको. ऐकणाराही ते ऐकतो आणि विसरतो, आणि माया तेवढी पोचते. आबा दर रविवारी सुनेला एक नवं "पाहिजे" सांगत आणि पुढच्या रविवारी वर्गात येऊन मला सांगत, "बठ्ठं ऐकस ती. हाव म्हनस." त्यांचा चेहरा इतका उजळलेला असे की बाकीची मुलं त्यांचा धडा आधी घ्यायला सांगत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज किंवा आंबा ठेवतात, पुरणपोळीचा घास अग्नीला देतात. मुलाच्या नावची घागर आबांनीच भरली. बापानं पोराची घागर भरायची, यावर मी काही लिहू शकत नाही. त्यांनी सुनेलाही सांगितलं: पाणी भरलं पाहिजे, फळ ठेवलं पाहिजे, जेवण मांडलं पाहिजे. तिने ते केलं. तिने पाठवलेला फोटो आबांनी मला दाखवला. पांढरी चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडावर तिकडचं पिवळं, पांढऱ्या रेघांचं खरबूज, समोर भात आणि मासा. शेजारी नात हात जोडून उभी होती, एक डोळा उघडा ठेवून. गावात त्यांनी तो फोटो घरोघर दाखवला. सून असावी तर अशी, असं सगळं गाव म्हणालं.

त्यानंतर लगेचच कधीतरी त्यांनी तिला ते दिव्याचं वाक्य सांगितलं. घरात रोज सांजेला दिवा लावला पाहिजे. मी शिकवलं, त्यांनी म्हटलं, तिने हो म्हटलं. आपल्या घराघरांत हे वाक्य रोज कोणीतरी कोणाला तरी सांगतं. गावाला जायचं तर लोक शेजारणीला सांगून जातात, नाहीतर कुलूप लावून सरळ निघतात आणि आल्यावर लावतात.

पुढच्या होळीनंतरची गोष्ट. एका रविवारी वर्ग सुटला तरी आबा उठले नाहीत. म्हणाले, "बेन, मागला रईवारले ती भलती बोलनी आनि रडनी. माले काही समजनं नई. आज तू आयक." त्यांनी फोन बाकावर उभा केला. पलीकडे ती होती. बारीक, केस मागे बांधलेले, बसणं अगदी ताठ. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी मला वाकून नमस्कार केला आणि मग सासऱ्यांकडे पाहून बोलायला लागली. बोलणं इतकं अदबीचं की मला ते मराठीत आणताना शब्द पुरेनात.

तिची आई समुद्राकाठच्या एका खेड्यात एकटी राहते. पडून खुब्याचं हाड मोडलं. आता तिच्याजवळ कोणीतरी कायमचं राहायला हवं, आणि दुसरं कोणी नाही. घर सोडून, मुलीला घेऊन तिकडे जावं असं तिच्या मनात होतं. "पण अबॉनिम," ती म्हणाली. अबॉनिम म्हणजे सासऱ्यांना मारायची आदराची हाक. "तुम्ही सांगितलंत, घरात रोज संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. मी गेले तर तुमच्या मुलाच्या घरात दिवा कोण लावेल?"

आबांनी दिव्याचं सांगितलं त्या दिवसापासून ती एकही संध्याकाळ घराबाहेर राहिली नव्हती. आई इस्पितळात होती तेव्हाही पहाटेच्या बसने जायची आणि दिवेलागणीला परत यायची. दूध नातीला पचत नव्हतं, तरी रोज पाजत होती. दर रविवारी फोन करायच्या आधी ती बरणी भरून ठेवत होती, कारण आखाजी वर्षातून एकदाच असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी एकेक वाक्य सांगत गेले आणि आबा ऐकत गेले. "मी ते असंच म्हनेल व्हतं," ते म्हणाले. "असंच, बोलानं म्हनीसन." मग म्हणाले, "तिले सांग, इचार करीसन सांगस."

फोन बंद झाल्यावरही आबा उठले नाहीत. मी चहा मागवला, तो निवला. मग माझ्याकडे न बघता बोलले. "ती माहेरले गई का मना पोरनं घर सरनं. तरनी शे, कोनी ते तिनं दुसरं घर करी देई. करालेबी पाहिजे. पन पोरगी लहान शे, बेन. दोन सालमा माले वळखाव नई. एक रईवार ऱ्हायना मनाकडे, तोबी जाई."

शब्द इकडचे तिकडे करणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी तिकडे न्यायलाही काही नव्हतं आणि इकडे आणायलाही.

घरी अक्कांनी निकाल देऊन टाकला होता. सून आहे, नवऱ्याचं घर तिनं राखायचं. "आम्ही नई राख्यं का?" एवढाच त्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता.

पुढचं मला अक्कांनीच नंतर सांगितलं. आखाजी पुन्हा जवळ आली होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, भाऊ किंवा बाप, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक सासरचा उंबरा ओलांडत नाही, आणि दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं पाठवणं हा त्या घराला कमीपणा. गल्लीत घरोघर मुराळी येत होते. आबा ते ओट्यावर बसून बघत होते. एका सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवी टोपी घातली आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने आपल्याच दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"घरमा कोनी शे का?" त्यांनी आवाज दिला. "मी मुराळी शे. तुमनी सूनले माहेरले लेवाले येल शे."

अक्का भाकरी थापत होत्या. "मना मनमा उनं, धल्ला येडा झाया," त्या आपल्या म्हाताऱ्याबद्दल मला म्हणाल्या. दारात येऊन त्यांनी झापलं. "तिना कोठला मुराळी? तिले ना बाप ना भाऊ."

"नई शे, म्हनीसनच मी उनू."

"नई धाडस."

"नका धाडू. मी बसस."

आणि बसले ओट्यावर, परक्या माणसासारखे, पाय खाली सोडून. लोक जाता-येता विचारत, ते सगळ्यांना सांगत, मुराळी म्हणून आलोय. ऊन चढलं. अक्कांनी जेवायला हाक मारली. नाही म्हणाले. मुराळ्याला होकार मिळाल्याशिवाय तो जेवत नसतो. अक्का आत-बाहेर करत राहिल्या. चुलीजवळ बसून रडल्याही. स्वतःला नव्या नवरीपणी न्यायला बाप आला होता, सासूनं पाठवलं नाही आणि बाप उन्हात तसाच परत गेला, हे त्यांना त्या दुपारी आठवत राहिलं. शेवटी त्यांनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेतला, बाहेर आल्या, आबांच्या समोर ठेवला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाल्या, "लई जा पोरीले."

रविवारी आबा आले ते टोपी आधीच हातात घेऊन. "बेन," म्हणाले, "ते दुसरं शिकाड. नई कयं तरी चालस, ते."

मी शिकवलं. आन क्यॉदो दॅयो. दिवा नाही लावला तरी चालतं. त्यांनी ते इतक्या वेळा घोकलं की वर्गातली मुलं आपलं काम सोडून त्यांच्याकडे बघत बसली. नंतर फोन लागला. आबांनी वाक्य म्हटलं. दिवा नाही लावला तरी चालतं. दूध नाही पाजलं तरी चालतं. आईकडे जा. एकही चूक झाली नाही.

मग तिने मला हळूच विचारलं, मी गेले तर यांची सून राहीन का?

याचं कोरियन उत्तर आबांनी पाठ केलेलं नव्हतं. ते अहिराणीतच बोलले आणि मला म्हणाले, हे तू सांग. "आंडेर माहेरले जास, तव्हय तिनं सासर पुसाई जास का?" लेक माहेरी गेली म्हणून तिचं सासर पुसलं जातं का? मी सांगितलं. ती खुर्चीवरून उठली, जमिनीवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ हातांवर ठेवून वाकली. शेजारी नातही तशीच वाकायला गेली आणि कोलांटी खाऊन पडली. आबा हसले. हसता हसता त्यांनी टोपीनेच डोळे पुसले.

ती आईकडे गेली. पहिले काही महिने रविवार चुकला नाही. मग एखादा चुकायला लागला, मग एखादाच यायला लागला. त्या खेड्यात तिला काम मिळालं होतं, आईचं सगळं करायचं होतं, मुलीची शाळा होती. पुढे कळलं की तिथल्याच एका भल्या माणसाबरोबर तिने संसार मांडला. तिने स्वतः फोन करून सांगितलं, रडत. आबा म्हणाले, "चांगलं कयं," आणि ते कोरियनमध्ये म्हणाले.

पण रविवारी येत मात्र राहिले. मागच्या बाकावर बसत, फोन समोर पालथा नव्हे, उताणा ठेवत. धडे पुढे गेले होते, मुलं बदलली होती. नव्या मुलांना वाटायचं, हे सरांसारखे कोणी असावेत. फोन वाजत नसे. मला ते बघवत नसे, आणि बघवत नसलं की मला राग येतो. एकदा मी म्हटलंच, "आबा, दर वेळी तिनेच का करायचा? तुम्ही लावा ना."

"मी लावू ते तिले उचलनं पडी," आबा म्हणाले.

गेल्या पौषात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. रविवार होता, वर्ग बंद ठेवून मी गेले. ओटा सारवलेला, दारात चपलांची गर्दी. अक्कांनी मला आत नेऊन बसवलं. म्हणाल्या, आबांनी सांगून ठेवलं होतं, "माले काही झायं ते तिले लगेच कळावू नका. येनं पडी तिले." पाहुण्यांत यावरून थोडी कुरबुर झाली होती. सुनेला कळवत नाहीत म्हणजे काय, असं एक जण म्हणत होते. अक्कांनी कोणाचं ऐकलं नाही. ज्या बाईने तिला नवऱ्याच्या घरात बसवून ठेवायचं ठरवलं होतं, तीच बाई आता नवऱ्याचा शब्द धरून बसली होती.

आणि आम्ही बोलत असतानाच भिंतीतल्या देवळीत ठेवलेला आबांचा फोन वाजला. अक्कांनी तो बंद पडू दिला नव्हता, रोज चार्जिंगला लावत होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

पलीकडे नात होती, एकटीच. ओळखू येणार नाही इतकी उंच झालेली. मागे ओसरी आणि ओसरीपलीकडे समुद्राची निळी पट्टी. आई बाजारात गेली आहे, म्हणाली, आजी झोपली आहे, आणि तिने आपणच फोन लावला आहे, कोणी सांगितलं नाही. पुढचा दात पडला होता, तो दाखवायचा होता. तिने ओठ वर करून दातांतली खिडकी दाखवली. अक्कांनी पाहिलं. मग तिने विचारलं, "हाराबॉजी?"

आजोबांना म्हणतात हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी कोणाला पानसुपारी मागत होतं.

"सांग," अक्का म्हणाल्या, "वावरमा जायेल शेतस."

शेतात गेलेत, मी सांगितलं. नातीने थोडा विचार केला आणि काहीतरी म्हणाली. तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, समोर मांडी घालून बसली आणि खोक्यातले रंगीत खडू काढायला लागली.

"काय म्हनस?" अक्कांनी विचारलं.

"थांबते म्हणाली. ते येईपर्यंत."

अक्कांनी पदराने फोनची काच पुसली, पाट ओढून घेतला आणि तिच्या समोर बसल्या.